करड्या दख्खनी लोकरीची वेणीदार पिशवी: कामाच्या नोंदी

९ नोव्हेंबर

सूत आलं. पाऊण किलो, म्हसवडकडच्या एका सणगर, म्हणजे घोंगडी विणणाऱ्यांच्या घरातून. हाताने कातलेलं, एकपदरी, रंग न दिलेलं. काळी आणि पांढरी लोकर पिंजतानाच एकत्र करतात, त्यातून हा करडा रंग येतो. सुताचा तुकडा नखाने उकलून भिंगाखाली धरला तर करडा असा एकही तंतू सापडत नाही. सगळे काळे नाहीतर पांढरे, मधेच एखादा तांबूस. लांबून बघितलं की डोळाच त्यांचा करडा करतो. रंगवलेल्या करड्या लोकरीत ही खोली येत नाही, म्हणून तर हे सूत हवं होतं.

घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. खळ दिलेलं सूत सुईवर कडक चालतं, त्यामुळे बिनखळीचं द्या असं आधीच सांगून ठेवलं होतं. कातणाऱ्या काकींनी फोनवर बजावलं, "ताई, ह्याचं स्वेटर करू नगा, टोचतंय." पिशवी करणार म्हटल्यावर लगेच पुढचा प्रश्न आला, "वजन किती घालणार?"

तीन किलो धरून चालले आहे. वही, डबा, पाण्याची बाटली, एखादं पुस्तक आणि चालू असलेलं विणकाम. रोज खांद्यावर जाणारी पिशवी.

दख्खनी मेंढीची लोकर राठ असते यात शंका नाही. मेरिनोचा तंतू २० मायक्रॉनच्या आसपास असतो, हा त्याच्या दुपटीहून जाड. एका मेंढीची लोकर वर्षाकाठी जेमतेम अर्धा किलो निघते, आणि बऱ्याच मेंढपाळांना ती विकून कातरणीची मजुरीही सुटत नाही. अंगाला टोचते म्हणून या लोकरीला घोंगडी आणि जेन (जाड लोकरी अंथरूण) यांच्यापलीकडे कुणी विचारत नाही. पण पिशवी कुठे अंगावर घालायची असते? तिला वजन पेलायचं असतं, घासलं जाणं सोसायचं असतं. तिथे जाड, ताठ तंतू हाच गुण ठरतो. मऊ मेरिनोच्या पिशवीवर महिन्याभरात गोळे येतात आणि तळ लोंबायला लागतो. ही लोकर पिशवीसाठीच वाढलेली आहे, असं माझं ठाम मत आहे, आणि ते दाखवायला हे काम काढलंय.

१० नोव्हेंबर

दिवसभर लड्या साफ केल्या. कुसळं, गवताच्या काड्या, दोन ठिकाणी गोखरूचे काटे. हे सगळं चिमट्याने आत्ताच काढायचं, विणल्यावर ते बोटांना सापडतं पण निघत नाही.

रात्री रिठे भिजत घातले आहेत.

११ नोव्हेंबर

रिठ्याच्या कोमट पाण्यात लड्या बुडवून ठेवल्या. चोळायचं नाही, पिळायचं नाही, नुसतं दाबायचं. पहिलं पाणी चहाच्या रंगाचं निघालं, तिसरं बऱ्यापैकी स्वच्छ. खळबळायचं पाणी तितकंच कोमट ठेवलं. गरमातून एकदम गारात लोकर गेली की आकसते, आणि हाताने चोळली तर तंतू एकमेकांत अडकून तिचा नमदा व्हायला लागतो. ओल्या मेंढीचा वास घरभर झाला. उन्हाआड दांडीवर टाकल्या आहेत, संध्याकाळपर्यंत वास जाईल.

१४ नोव्हेंबर

एकपदरी सूत तसंच विणलं तर कापड एका बाजूला झुकतं. सुताला एकाच दिशेचा पीळ असतो आणि तो प्रत्येक टाक्याला आपल्याकडे ओढतो. साध्या सुलट विणीचा चौकोन त्यामुळे समांतरभुज होऊन बसतो. घोंगडीत ताणा-बाणा एकमेकांना धरून ठेवतात म्हणून तिथे हे दिसत नाही. विणकामात धरून ठेवणारं कुणी नसतं.

खात्रीचा उपाय म्हणजे दुपदरी करणं. दोन लड्यांची टोकं एकत्र घेऊन टकळीवर उलट्या दिशेने पीळ दिला. काततानाचा पीळ थोडा सुटतो, नवा पीळ चढतो, दोन्ही एकमेकांना तोलतात. पीळ बरोबर बसलाय का, ते बघायला हातभर सूत सैल सोडून त्याचा लोंबता फास करायचा. फास सरळ लोंबला तर सूत तयार, स्वतःभोवती फिरायला लागला तर पीळ कमी-जास्त आहे.

तिपदरी सूत याहून गोल येतं आणि वेणीला सूत जितकं गोल तितकं बरं, पण इथे दुपदरीवर भागवते. चपट्या सुताच्या वेण्या बसक्या येतात.

पीळ पक्का व्हावा म्हणून लड्या पुन्हा ओल्या करून खाली पाण्याची बाटली अडकवून टांगल्या.

१७ नोव्हेंबर

नमुने विणले. हे काम मला मनापासून आवडतं, आणि ते टाळणाऱ्यांबद्दल हळहळ वाटते, कारण पिशवीचे सगळे प्रश्न इथेच सुटतात.

सुई आठ नंबरची, म्हणजे ४ मिमी. सहा नंबरच्या, म्हणजे ५ मिमीच्या सुईवर कापड लवचीक आणि देखणं आलं, शालीला चाललं असतं. पण बोट दाबलं की आरपार जातं. आठ नंबरवर तेच सूत दाट बसतं. हाताला जड जातं खरं, पण पिशवीला हेच हवं.

१० सेंमीत मोजमाप असं आलं: साबुदाणा विणीत (एक टाका सुलट, एक उलट) १६ टाके, नुसत्या सुलट ओळींच्या विणीतही १६, आणि वेण्यांच्या भागात २१. सूत तेच, सुई तीच, तरी पाच टाके जास्त. वेणी घालताना अर्धे टाके उरलेल्या अर्ध्यांवरून उडी मारतात, कापड तिथे दुहेरी होतं आणि अंग आत ओढून घेतं.

दोन नमुने शेजारी धरून आडवे ताणले. साधा नमुना सहज पसरला, वेणीचा जागचा हलला नाही. मग दोन्हींना खाली चिमटे लावून एकेक किलो ज्वारीची पिशवी टांगली आणि रात्रभर ठेवली. सकाळी साधा बोटभर लांबला होता. वेणीच्या नमुन्यात फरक शोधावा लागला. वेणी दिसायला सुंदर असते म्हणून लोक घालतात, मी ती पिशवीवर घालतेय ती या ताकदीसाठी. म्हणूनच मागच्या बाजूलाही वेण्या घालणार आहे, तिकडे कुणी बघणार नसलं तरी.

१८ नोव्हेंबर

आखणी. तळ ३२ सेंमी लांब, ८ सेंमी रुंद. उंची ३० सेंमी, वर ४ सेंमीची पट्टी.

तळ सुलट ओळींच्या विणीचा, म्हणजे दोन्ही बाजूंनी सुलटच विणायचं. या विणीची सोय अशी की दोन ओळींचा एक उठाव होतो आणि १० सेंमीत १६ उठाव बसतात, टाक्यांइतकेच. काठावरून टाके उचलताना एका उठावाला एक टाका, वेगळा हिशेब नाही. १३ टाके घालून १०२ ओळी विणल्या की ५१ उठावांचा तळ तयार.

मग चारही बाजूंनी टाके उचलून गोल सुईवर वर चढत जायचं. लांब बाजूंचे ५१-५१, आखूड बाजूंचे १३-१३, एकूण १२८.

दर्शनी भाग: दोन्ही कडांना १० टाके साबुदाणा, मधे वेण्यांचा पट्टा. पट्ट्यात सहा टाक्यांच्या पाच वेण्या, त्यांच्या मधे आणि दोन्ही टोकांना दोन-दोन उलट टाके. तीस आणि बारा, बेचाळीस. तळावरून या भागाला ३१ टाकेच मिळतात, तेव्हा पहिल्याच फेरीत ११ वाढवायचे: प्रत्येक वेणीखाली दोन, मधलीखाली तीन. हे वाढवले नाहीत तर वेण्या सुरू झाल्याबरोबर पिशवीची कंबर आत जाईल. मागची बाजू अशीच. फेरीचे एकूण टाके १५०.

बाजूच्या १३ टाक्यांवर साबुदाणा. तेच टाके वर जाऊन खांद्याचा पट्टा होतील.

२० नोव्हेंबर

तळ झाला. उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर सूत घासतं, सुती कापडाची चिंधी गुंडाळून विणतेय.

२४ नोव्हेंबर

टाके उचलून फेरी सुरू. वेण्यांच्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना रंगीत दोऱ्याचे फास खुणेसाठी अडकवले, फेरीच्या सुरुवातीला लाल.

गोल विणताना सुलट बाजू कायम समोर राहते, हा वेणीसाठी मोठाच फायदा. प्रत्येक फेरीत खालचा टाका दिसतो तसा वरचा विणायचा. फक्त साबुदाण्यात त्याच्या विरुद्ध.

३० नोव्हेंबर

पाचव्या फेरीला वेण्यांना पहिला पीळ दिला, आता दर आठव्या फेरीला. वेण्यांची रचना अशी. विणताना पहिल्या येणाऱ्या दोन, म्हणजे समोरून बघताना उजवीकडच्या, डावीकडे झुकणाऱ्या: तीन टाके काढून पुढे धरायचे, पुढचे तीन विणायचे, मग धरलेले तीन. शेवटच्या दोन उजवीकडे झुकणाऱ्या: काढलेले तीन टाके मागे धरायचे. दोन्हीकडचा कल मध्याकडे, त्यामुळे नजर आपोआप मधल्या वेणीवर जाते.

मधली खरी तिपेडी, दोन-दोन टाक्यांचे तीन पेड. एका वेळी पहिल्या चार टाक्यांत पीळ, दोन टाके मागे धरून, आणि उरलेले दोन सरळ. चार फेऱ्यांनी पहिले दोन सरळ आणि शेवटच्या चारांत पीळ, दोन टाके पुढे धरून. केसांची वेणी घालताना उजवा पेड मधे, डावा पेड मधे असं चालतं, हुबेहूब तेच. बाजूच्यांचा आठ फेऱ्यांचा ताल आणि हिचा चार-चारचा, दोन्ही एकमेकांत बसतात, त्यामुळे तक्ता समोर न ठेवता विणता येतं.

काढलेले टाके धरायची वेणीची आखूड सुई मी आता बाजूला ठेवली आहे. मऊ, गुळगुळीत लोकरीत टाका सुईवरून सोडला की खाली धावतो. या लोकरीत तीन टाके काढून तसेच मोकळे सोडले तरी जागेवर उभे राहतात, राठ तंतू शेजारच्याला धरून ठेवतो. ते चिमटीत धरून पुढचे तीन विणायचे आणि यांना पुन्हा सुईवर घ्यायचं. पीळ देणाऱ्या फेरीला लागणारा वेळ निम्म्यावर आला. टोचते म्हणून ज्या लोकरीला नावं ठेवतात, तिचा तोच राठपणा इथे हाताखाली काम करतो.

प्रकाशाबद्दल एक निरीक्षण. वेणी सावलीमुळे दिसते. काळ्या लोकरीवर सावली हरवते आणि एवढी मेहनत घेऊन लांबून नुसता जाडसर कापडाचा तुकडा दिसतो. या करड्यावर उठाव उजळ राहतो आणि खोबणीत काळोख साचतो. यापेक्षा गडद करडा मी वेणीसाठी घेणार नाही.

४ डिसेंबर

निम्म्याच्या वर उंची झाली.

वेण्यांच्या विणीचं नाव निघालं की आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या अरन बेटांची गोष्ट हमखास ऐकू येते: प्रत्येक कोळी कुटुंबाची वेगळी वीण असायची आणि समुद्रात बुडालेल्या माणसाची ओळख त्याच्या स्वेटरवरून पटायची. गोष्ट खरी नाही. वेण्यांनी भरलेली ती स्वेटरं विसाव्या शतकातली, आणि विणणाऱ्या बायका एकमेकींच्या विणी बघून उचलत, बदलत. ओळख पटण्याचा धागा मात्र सापडतो, तो आयरिश नाटककार जॉन मिलिंग्टन सिंग यांच्या १९०४ मध्ये रंगमंचावर आलेल्या एकांकिकेत. तिथे बुडालेल्या भावाची ओळख बहिणीला पटते ती साध्या मोज्यावरून. तिने साठ टाके घातलेले असतात आणि त्यातले चार सोडलेले, ते ती मोजते. वेणी नाही, घराण्याची खूण नाही. आपण घातलेले टाके हाताला आठवतात, एवढंच. मला ही मूळ गोष्ट त्या दंतकथेपेक्षा कितीतरी जवळची वाटते.

८ डिसेंबर

दुसऱ्या गुंड्यातलं सूत पहिल्यापेक्षा किंचित उजळ आहे. पिंजताना पांढरी लोकर थोडी जास्त पडली असणार, हातच्या कामात हे होणारच. सरळ जोडलं तर आडवी रेघ दिसेल. म्हणून दोन फेऱ्या जुन्या गुंड्याच्या, दोन नव्या, अशा वीस फेऱ्या विणून मग पूर्ण नव्यावर गेले. आता बदल कुठे झाला ते मलाही शोधावं लागतं.

१५ डिसेंबर

८४ फेऱ्या पूर्ण. बाजूच्या प्रत्येक वेणीत दहा पीळ, शेवटचा ७७ व्या फेरीला. वरची पट्टी सुरू करण्याआधी दोन्ही बाजूंचे वाढवलेले ११-११ टाके दोन-दोन एकत्र विणून घटवले, पुन्हा १२८. वेण्या संपल्या की टाके मोकळे होतात आणि तोंड झालरीसारखं पसरतं, पुष्कळ वेणीदार पिशव्यांचं तोंड याच कारणाने लोंबतं. पट्टी एक फेरी सुलट, एक फेरी उलट अशी. बाजूचे १३-१३ टाके वेगळ्या दोऱ्यावर घेऊन ठेवले आणि बाकीचे बंद केले. बंद करायला नऊ नंबरची सुई, काठ ताठ यावा म्हणून.

१९ डिसेंबर

पट्टा. बाजूच्या १३ टाक्यांवरून सुरुवात, दर चौथ्या ओळीत दोन्ही कडांना एकेक घटवत ७ टाक्यांवर आणलं आणि तिथून सरळ लांबी. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता उचलला की काठ साखळीसारखा रेखीव येतो. दुसऱ्या बाजूनेही तसंच वर येऊन मधे दोन्ही टोकं समोरासमोर धरली आणि तिसऱ्या सुईने एकत्र विणत बंद केली. जोड खांद्यावर येतो, शिवण नाही.

विणलेला पट्टा एकट्याने वजन पेलत नाही, मग लोकर कुठलीही असो. वजनाने तो लांबतो आणि अरुंद होतो. आतून ४ सेंमीची सुती नवार लावणार. नवार आधी गरम पाण्यात भिजवून वाळवली, तिला जे काय आकसायचं ते आत्ताच आकसू दे.

२३ डिसेंबर

पिशवी कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवली, पंच्यात गुंडाळून दाबून पाणी काढलं आणि आत गुंडाळलेले पंचे ठासून भरले. तळाचे चार कोपरे बोटांनी काढले, वेण्यांमधल्या उलट टाक्यांच्या खोबणी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने दाबत गेले. या शेवटच्या दाबण्याने वेण्या अशा उठल्या की सुईवर असताना हे दिसतच नव्हतं. सावलीत वाळायला दोन दिवस लागतील.

२८ डिसेंबर

अस्तर मांजरपाटाचं. तेही आधी धुऊन घेतलं. अस्तर पिशवीपेक्षा अर्धा सेंमी आखूड ठेवलं. सामान अस्तरावर टेकतं, अस्तर नवारीला शिवलेलं, नवार खांद्यावर. वजनाची वाट सगळी सुती कापडातून जाते आणि विणलेली पिशवी बाहेरून आकार धरते. अस्तर ऐसपैस ठेवलं तर सगळा भार टाक्यांवर येतो, मग अस्तर असून नसल्यासारखं.

नवार पट्ट्याला दुपदरी सुती दोऱ्याने हातशिलाईने लावली. तळाशी पातळ प्लास्टिकचा आयत, अस्तर आणि लोकर यांच्यामधे, धुताना काढता येईल असा.

आत एक खिसा. बटण नाही, साखळी नाही. पट्टीच तोंड मिटवून धरते.

६ जानेवारी

आठवडाभर रोज नेतेय. भरून वजन केलं तर तीन किलोला थोडं कमी. तळ सपाट आहे. उंची मोजली, ती होती तेवढीच. पट्टा लोंबलेला नाही. बाहेरच्या बाजूला, कमरेला घासतं तिथे, वर आलेले थोडे केस दिसतात, गोळे मात्र नाहीत. हे केस कात्रीने कापायचे नाहीत, वापरात आपसूक बसतात.

पिशवीला सूत लागलं ४३० ग्रॅम. अडीचशे ग्रॅमहून जास्त शिल्लक आहे, ते कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून सुती पिशवीत ठेवलंय, कसर लागू नये म्हणून.

काकींना फोटो पाठवले होते. त्यांच्या सुनेने फोन करून वेण्या कशा घातल्या ते विचारलं, आणि दुपदरी करून सूत त्याच देऊ शकतील का ते मीही विचारलं. जमेल म्हणाल्या. भावाचं बोलणं झालं. घोंगडीच्या सुताच्या भावात हे घेणं मला पटत नाही. दुपदरी करायला वेगळे हात लागतात, वेगळा वेळ लागतो, आणि विणकामाला सूत जास्त एकसारखं लागतं. दीडपट ठरलं. एक किलो सांगितलंय, यापेक्षा थोडं उजळ, पांढरी लोकर जास्त घालून. संक्रांतीनंतर मिळेल.